चार खाड्यांचा रस्ता

जैतापूरला पावसातच जायचं, हा आत्याचा हट्ट. तिचं माहेर म्हणजे आमचं मूळ घर, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली आणि त्यानंतर गावी आली ती मे महिन्यात, नाहीतर गणपतीत. चाकरमान्यांचं वेळापत्रक पिढ्यान् पिढ्या तेच. जुलैतलं माहेर तिने लग्नानंतर पाहिलेलंच नव्हतं. यंदा ती आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अगो, मला एकदा भर पावसात घर बघायचंय. गळतंय तर गळताना बघू दे."

महामार्गाने राजापूरला उतरलं की जैतापूर दोन-अडीच तासांत येतं. मी मात्र किनाऱ्याचा रस्ता धरायचं ठरवलं: भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, नाटे, जैतापूर आणि तिथून पुढे वाघोटण ओलांडून विजयदुर्ग. परतताना तरळ्याला महामार्गावर चढायचं. किनाऱ्याने विजयदुर्गापर्यंत शंभराच्या थोडे वर किलोमीटर भरतात, पण पावसात आणि थांबत थांबत जायचं तर अख्खा दिवस हाताशी ठेवावा.

या रस्त्याला सगळे सागरी महामार्ग म्हणतात. रेवसपासून रेडीपर्यंतच्या त्या रस्त्याचा हा मधला तुकडा. मला विचाराल तर हा समुद्राचा रस्ताच नाही. समुद्र मधूनमधून दिसतो, वळणाआड जातो, पुन्हा दिसतो. प्रत्येक वेळी वाट अडवते ती खाडी. काजळीची, मुचकुंदीची, अर्जुनेची, वाघोटणची, अशा चार मोठ्या खाड्या या टप्प्यात लागतात, आणि वाटेतलं जवळजवळ प्रत्येक नावाजलेलं गाव त्यांपैकी एखादीच्या तोंडाशी किंवा काठाशी वसलेलं आहे. उन्हाळ्यात हे कळत नाही. खाड्या निळ्या, शांत असतात, आपण पुलावरून फोटो काढून पुढे जातो. पावसात तांबडं पाणी दोन्ही काठ भरून वाहायला लागलं की मगच समजतं, पूल नसताना इथली माणसं एकमेकांपासून किती लांब होती.

पावसाळ्यात या बाजूला यायचं तर आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा. लाल किंवा नारिंगी असेल तर बेत पुढे ढकला. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, वीज आणि वारा दोन्ही वाईट, आणि उतारांवर जांभ्याच्या दरडी सुटतात. दुसरी बघायची गोष्ट भरती-ओहोटी. त्यासाठी मी मोबाइल उघडला, तर आत्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघून उत्तर दिलं. "अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला ओहोटी, परत सहाला भरती. आणि भांगाचं पाणी आहे, उधाण नाही. जा बिनघोर." तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हा हिशेब आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवायचे. मोबाइलवरची वेळ त्याच्यापासून थोड्याच मिनिटांनी वेगळी निघाली.

पेट्रोल रत्नागिरीतच भरून घेतलं. वायपरचे रबर बदलले. मागच्या सीटवर दोन टॉवेल, जास्तीचे कपडे आणि आत्याची छत्री. साडेसहाला निघालो तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता.

भाट्याच्या पुलावर गाडी हळू घेतली. काजळीची खाडी नुकत्याच भरतीने काठोकाठ झालेली, पाण्याचा रंग चिऱ्याच्या मातीचा. उजवीकडे राजिवड्याच्या बाजूला होड्या एकमेकींना चिकटून उभ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे एरवी पहाटे गजबजणारा हा काठ या दिवसांत सुट्टीवर असतो. माशांच्या विणीचा काळ आणि वर खवळलेला दर्या, दोन्ही कारणं खरी. कायदा नव्हता तेव्हाही नारळीपौर्णिमेआधी इथलं कोणी दर्यात जात नसे, असं आत्या म्हणाली.

भाट्याच्या सुरूबनामागे समुद्र मातकट दिसत होता आणि किनाऱ्यावर फेसाचा जाड पट्टा होता. झरीविनायकाला हात जोडले आणि चढाला लागलो. वर गेलं की सगळं पालटतं. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. मे महिन्यात इथे काळ्याकरड्या कातळाशिवाय काही नसतं, गुरंसुद्धा फिरकत नाहीत. जुलैत त्याच कातळावर बोटभर गवत, जागोजागी डबकी, आणि वाऱ्याने आडवा झालेला पाऊस. गोळपच्या सड्यावर धुकं इतकं उतरलं होतं की समोरच्या एसटीचे दिवे अगदी जवळ आल्यावर दिसले. अशा वेळी गाडीचे दिवे चालू ठेवा, पण प्रखर नको, समोरचं धुकं पांढरं होऊन काहीच दिसत नाही. कडेला थांबायची घाईही करू नका, कडेची मऊ माती चाक धरून ठेवते.

या सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी फुलते. लांब दांडा, त्यावर पांढरी फुलं. जगात ही जात कोकणच्या या सड्यांवरच सापडते. आम्ही उतरून शोधली. बहर सरत आला होता, तरी थोडी मिळाली. आत्याने ती आयुष्यभर पाहिली होती, पण ती दुसरीकडे कुठे नाही हे तिला माहीत नव्हतं. खाली वाकून तिने दांड्याला नुसता हात लावला, खुडलं नाही. सडा म्हणजे पडीक जमीन अशी सरकारदरबारी नोंद होते, आणि मग चिऱ्याच्या खाणी, आंब्याच्या बागांसाठी सुरुंग, प्रकल्प यांना तीच जमीन पहिल्यांदा आठवते. जुलैत एकदा इथे चालून बघितलं तर पडीक म्हणायला जीभ धजणार नाही. शिवाय खालच्या गावांच्या विहिरींचं पाणी याच कातळातून मुरत जातं.

पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं. १९०३ साली इथेच जन्मले, इथेच राहिले, १९७४ मध्ये इथेच समाधिस्थ झाले. पावसात मंदिरात गर्दी नसते, सभामंडपात बसून पन्हाळीचं पाणी ऐकता येतं. बाहेर पोहे आणि चहा घेऊन पुढे निघालो.

पूर्णगडच्या अलीकडे रस्ता खाली उतरतो आणि मुचकुंदी दिसते. किल्ला अगदी लहान, गावातून चढून दहा मिनिटांत दरवाजाशी पोचता येतं. मी एकटीच वर गेले. तटावरून नदी समुद्राला मिळते ती जागा नीट दिसते: तांबडं पाणी बाहेर ढकललं जातंय, समुद्राच्या करड्या लाटा ते आत ढकलतायत, आणि मध्ये फेसाची एक वाकडी रेघ पुढेमागे होतेय. अशा जागी किल्ला का बांधला, ते वर उभं राहिलं की वेगळं सांगावं लागत नाही. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबताला याच तोंडातून यावं लागायचं.

पूल ओलांडला की गावखडी. इथल्या सुरूबनापुढच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि गावातलीच माणसं त्या घरट्यांची राखण करतात. जुलैत वाळू निम्मी दिसत होती, लाटा सुरूच्या मुळांपर्यंत येत होत्या. आत्या पुलाकडे वळून बघत म्हणाली, "इथे तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, होती. आम्ही पावसला यायचो तेव्हा तरीत बसायचो. पावसात तरवाला नुसता पाण्याकडे बघायचा आणि मान हलवायचा. मग परत घरी." म्हणजे मुचकुंदीला पाणी आलं की जैतापूरच्या बाजूच्या माणसाला पावस बंद. आम्हाला पुलावरून जायला मिनिटभर लागलं.

कशेळीला मी मुद्दाम वेळ ठेवला होता. कनकादित्याचं देऊळ सूर्याचं आहे, आणि कोकणात सूर्याची देवळं फार नाहीत. कथा अशी की मूर्ती प्रभासपट्टणहून गलबतातून दक्षिणेला निघाली होती. कशेळीपाशी गलबत अडलं, काही केल्या हलेना. तेव्हा मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली. पुढे गावातल्या कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत झाला, तिने गावकऱ्यांच्या मदतीने मूर्ती वर आणली, म्हणून देव कनकादित्य. देवस्थानाकडे शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट आहे. कथेतलं गलबत कुणी पाहिलेलं नाही, पण आठशेहून जास्त वर्षांपूर्वी हे गाव राजाच्या नजरेत होतं हे तांब्यावर कोरलेलं आहे.

देवळाचं छप्पर उतरतं, कौलांचं, खाली लाकडी खांब. पाऊस तेव्हाच जोरात आला. आम्ही आत बसून राहिलो. पुजाऱ्यांनी आत्याला विचारलं, "कुठल्या गावच्या?" तिने जैतापूर सांगितल्यावर त्यांनी घराण्याचं नाव विचारलं, मग आजोबांचं, मग त्यांच्या भावाचं, आणि पाचव्या प्रश्नाला ओळख निघाली. बाहेर धार लागलेली आणि आत एका सोयरिकीचा सगळा इतिहास निघालेला. पर्यटनाच्या दिवसांत एवढं बोलायला त्यांना सवड नसते.

ज्या गुहेची कथा सांगतात ती देवघळी गावापासून जवळच. कड्यावरून खाली समुद्र दिसतो. पावसाळ्यात तिथे खाली उतरू नये, कठड्याच्या पलीकडे तर मुळीच जाऊ नये. लाट कड्याच्या घळीत शिरते, आतली हवा दाबली जाते आणि तोफेसारखा आवाज होतो. पायाखालचा कातळ हादरलेला कळतो.

कशेळीच्या सड्यावर कातळशिल्पंही आहेत. त्यातली हत्तीची आकृती भव्य आहे, आणि तिच्या रेषेच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्यांची दाटी. रत्नागिरी-राजापूर परिसरातली ही खोदचित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्या नावांत कशेळीही आहे. पावसात ती बघायला जाऊ नये असं लोक सांगतात, कारण शेवाळ आणि गवत. मला उलट वाटलं. कोरलेल्या रेषांत पाणी साचलं होतं आणि आभाळाच्या उजेडात तेवढ्या रेषा चमकत होत्या. उन्हाळ्यात जवळून निरखावी लागणारी रेघ लांबून दिसली. फक्त त्यावर पाय देऊ नका, आणि चप्पल घसरणार नाही अशी घाला.

आडिवऱ्याच्या महाकालीचं दर्शन उभ्या उभ्या झालं. तिथून नाट्यापर्यंतचा रस्ता खोलगट भागातून जातो आणि दोन्ही अंगांना लावणी चालली होती. पॉवर टिलरने चिखलणी, मागून ओळीत वाकलेल्या बायका, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. इरलं एकाच म्हाताऱ्याच्या पाठीवर दिसलं. तरव्याचा तो हिरवा रंग वर्षात एवढेच पंधरा-वीस दिवस असतो. आत्याने काच खाली करायला सांगितली आणि ओरडून विचारलं, "किती राहिली?" बांधावरून उत्तर आलं, "दोन कुणगे!" म्हणजे शेताचे दोन तुकडे. ना ओळख ना देख, पण दोघींनाही प्रश्न-उत्तर पुरेसं होतं. या भागात रस्ता अरुंद आहे आणि पऱ्यांवरच्या, म्हणजे ओढ्यांवरच्या, मोऱ्या जुन्या. पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि खालचं डांबर दिसत नसेल, तर गाडी थांबवावी. एका ठिकाणी आम्ही पाणी उतरायची वाट बघत उभे राहिलो. समोरच्या बाजूला दुधाचे कॅन घेतलेला मोटरसायकलवाला तसाच उभा होता. आधी तो आला, मग आम्ही गेलो.

साखरीनाट्याच्या बंदरात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. काहींवर झापं, बहुतेकांवर निळं प्लास्टिक. पडवीत बसून माणसं जाळी विणत आणि दुरुस्त करत होती. मासेमारी बंद असली तरी हे दिवस कामाचेच. खाडीच्या तोंडावर यशवंतगड आहे, झाडीत दडलेला. पलीकडे जैतापूर.

पुलावर आत्याने गाडी थांबवायला लावली. बाराला दहा मिनिटं होती. ओहोटी संपत आलेली, काठाला करडा चिखल उघडा पडलेला आणि एक जण पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकत उभा होता. अर्जुनेची ही खाडी आत राजापूरपर्यंत जाते. राजापूर हे जुनं व्यापारी शहर, इंग्रजांनी १६४९ मध्ये तिथे वखार घातली, शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली. मोठी जहाजं एवढ्या आत जात नसत. माल जैतापूरला उतरायचा, लहान होड्यांत भरायचा आणि भरतीबरोबर वर राजापूरला जायचा. घाटावरचा माल तसाच उलट खाली यायचा. जैतापूर उभं राहिलं ते या अदलाबदलीवर. समुद्राची होडी आणि खाडीची होडी जिथे भेटते, तिथे बाजार भरतो.

आणि मग आगबोटी. मुंबईहून गोव्याकडे जाणारी बोट रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बोट खाडीच्या तोंडाबाहेर नांगर टाकून उभी राही, आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळं पडावातून. आत्या लहान असताना मुंबईला पहिल्यांदा गेली ती अशीच. "पडावातून बोटीवर चढायचं तर खलाशी हात धरून वर फेकायचे. लाट वर आली की फेकायचं, खाली गेली की थांबायचं. माझी आई डोळे मिटून गेली." हे सगळं मे अखेरपर्यंत. मृग लागायच्या आत बोटी बंद, आणि मग भाद्रपद-आश्विनापर्यंत मुंबईला जायचं तर घाट चढून कोल्हापूर गाठायचं, तिथून आगगाडी. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आत्या तेव्हा जन्मलीही नव्हती, पण पावसात पाण्यावर का जायचं नाही, हे आमच्या घरी पोरांना त्याच बोटीचं नाव घेऊन सांगत.

चाकरमानी पावसात गावी का येत नव्हते, त्याचं उत्तर मला त्या पुलावर मिळालं. नोकरीची रजा हे एक कारण. पण त्याच्या आधीपासून वाटच बंद असायची. आता पूल आहेत, १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण झालेली आहे, सवय मात्र आगबोटीच्या वेळापत्रकाचीच राहिली. आत्याच्या आयुष्यातले इतके जुलै डोंबिवलीत गेले, त्यामागे बंद झालेल्या बोटींचाही हात आहे.

घर उघडलं. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते. गळत होतंच: माजघरात एका ठिकाणी आणि पडवीच्या कोपऱ्यात. वहिनींनी खाली पातेलं ठेवलं होतं. आत्या आधी घरभर फिरली, भिंतींना हात लावत, मग पडवीत पाटावर बसून समोरच्या पागोळ्या बघत राहिली. मे महिन्यातलं घर आणि हे घर वेगळं आहे, असं दोनदा म्हणाली. मे महिन्यात अंगणात पोरं, आंब्यांच्या अढ्या आणि पाण्याची ओरड. आता विहीर हाताने पाणी घेता येईल इतकी वर आलेली, अळूची पानं छत्रीएवढी आणि कुठूनतरी सतत पऱ्याचा आवाज.

वहिनींनी जेवायला घातलं. तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, गरम भात. ताजे मासे नाहीत म्हणून त्या हळहळल्या, पण जुलैतलं खरं जेवण हेच आहे. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेलं सुकं आणि परसात आपोआप उगवलेलं हिरवं. हॉटेलात सुरमईची थाळी मागणाऱ्यांना या दिवसांत बर्फातला जुना मासा मिळतो. तो खाण्यापेक्षा पिठी-भात मागा, कुणीही आनंदाने करून देईल.

जेवल्यावर धक्क्यावर गेलो. दगडी पायऱ्या शेवाळलेल्या, कडेने खारफुटी वाढलेली. जुन्या बाजारपेठेतली काही घरं खाडीकडे तोंड करून उभी आहेत, माडीची, मोठ्या दरवाजांची. आताची दुकानं रस्त्याच्या बाजूला. गावाने तोंड फिरवलं, ते पूल झाल्यावर. मला पुलांबद्दल तक्रार नाही, रात्री बाळंतीण अडली तर तरीची वाट बघावी लागत नाही, यापुढे सगळं गौण आहे. पण किनाऱ्याच्या नव्या रस्त्याची आणि उरलेल्या मोठ्या पुलांची आखणी करणाऱ्यांनी ही गावं पाण्याच्या बाजूनेही बघावीत. धक्का साफ ठेवला, खाडीत चालणारी एक साधी होडी ठेवली, तर जैतापूर पुन्हा दोन्ही बाजूंनी उघडं राहील. बोटीतून येणाऱ्यांसाठी बांधलेलं गाव नुसतं गाडीतून बघितलं तर ते अर्धंच दिसतं.

दीडला निघालो. माडबनचा सडा लागला, त्यावरचं प्रकल्पाचं कुंपण लागलं. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा त्याचा मूळ आराखडा. त्याच्या बाजूने आणि विरोधात इथे घराघरांत मतं आहेत आणि ती ऐकायला वेगळा दिवस पाहिजे. मी एवढंच सांगते की कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे गवत सारखंच हिरवं होतं आणि धुकं दोन्हीकडे एकच होतं.

वाघोटणची खाडी चौथी. विजयदुर्ग तिच्या तोंडाशी, पण पूल बराच आत, सौंदाळ्याच्या बाजूला. त्यामुळे समुद्रापासून दूर जायचं, खाडी ओलांडायची आणि पडेलवरून पुन्हा समुद्राकडे यायचं. नकाशावर हे हेलपाट्यासारखं दिसतं. पण हाच वळसा तुळाजी आंग्र्यांच्या काळातल्या माणसांना पायी पडत असणार, आणि याच खोल, वाऱ्यापासून सुरक्षित खाडीमुळे मराठ्यांचं आरमार इथे राहिलं. जहाजं दुरुस्त करायची गोदीही याच खाडीत आहे.

विजयदुर्गात आत्या धक्क्याजवळच्या टपरीत चहा घेत बसली, मी किल्ल्यात गेले. तीन बाजूंना समुद्र, तिहेरी तट. इंग्रज याला घेरिया म्हणत. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्रातून आणि जमिनीवरून मारा करून तो घेतला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. तटावर पावसात चालणं जपूनच, पायऱ्या हिरव्या झालेल्या असतात.

मला बघायचे होते ते साहेबांचे ओटे. हेलियम वायूचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इथून लागला, असं गावात सांगतात आणि दरवर्षी त्या तारखेला हेलियम दिनही साजरा करतात. त्या ग्रहणात सूर्याचा वर्णपट बघणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते, आणि हेलियमची खूण ठरलेली वर्णपटातली पिवळी रेषा त्यांना त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय दिसली. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, दुर्बिणी घेऊन, आणि ओट्यांचं नातं त्या मोहिमेशी आहे. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांनी १८९५ मध्ये हेलियम प्रयोगशाळेत मिळवलेलाही होता. मला ही खरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्या माणसाने सूर्यात एक नवं मूलद्रव्य ओळखलं, तो तीस वर्षांनी त्याच सूर्याकडे बघायला आपल्या किल्ल्यात आला. गावाने ही तारीख फलकावर लिहावी, अभिमान कणभरही कमी होणार नाही. त्या दिवशी मात्र सूर्याचा पत्ता नव्हता. ओट्यांवर पाणी साचलेलं आणि समोर समुद्र आणि आभाळ वेगळं करता येत नव्हतं.

साडेचारला निघून तरळ्याला महामार्गावर चढलो. सिमेंटचा चौपदरी रस्ता. दिवसभर ज्या वेगाने आलो त्याच्या तिप्पट वेगाने गाड्या चाललेल्या, आणि खारेपाटणचा पूल कधी आला आणि गेला ते कळलंसुद्धा नाही. वाघोटणचीच ही वरची बाजू, सकाळपासून चार खाड्या मोजणाऱ्या आत्याने ओळखली तेव्हा मला समजलं.

राजापूरला पोचेपर्यंत पावणेसात झाले. अर्जुनेवरचा नवा पूल इतका उंच आहे की खाली पूर आलाय हे वरून गाडीत बसून समजत नाही. चहासाठी थांबलो तिथे कळलं, कोदवलीचं पाणी जवाहर चौकात आलंय, व्यापाऱ्यांनी दुपारीच माल माळ्यावर चढवला. राजापूरकरांना हे नवं नाही, दर पावसाळ्यात होतं. नद्यांत गाळ साठलाय, पात्रं उथळ झालीत. ज्या खाडीतून एके काळी भरतीबरोबर मालाच्या होड्या राजापूरला येत, तीच गाळाने भरून पाणी बाजारात ढकलते.

टपरीवाला म्हणाला, "तासाभरात उतरेल." आत्याने घड्याळ बघितलं. "सहाला भरती झाली. आता कुठे ओहोटी लागली असेल. आठशिवाय नाही उतरायचं." टपरीवाला, साधारण माझ्याच वयाचा, तिच्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही खाडीवरच्या काय?"

लांज्याच्या पुढे गेल्यावर आत्याने डोंबिवलीला फोन लावला. गणपतीच्या आधी कौलं परतून घ्यायची, माजघरावरचा एक वासा बदलायचा, माणूस वहिनी देतील, पैसे कुणी किती घालायचे, सगळं तिने हातखंब्यापर्यंत ठरवून टाकलं. आणि दुसरं, ती मुलाला म्हणाली, पुढच्या वर्षी तिची तिकिटं मे महिन्याची काढू नकोस, जुलैची काढ.